गृहस्थाश्रमांतील यंत्रें : जुन्या मोटारीची वीज कोठें जाते?

ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुनः पुनः आढळते. घरीं पंचवीस-तीस वर्षांची मोटारगाडी आहे. वडिलांनीं किंवा आजोबांनीं हौसेनें घेतलेली, म्हणून ती काढून टाकवत नाहीं. ती अधूनमधून रुसते. सकाळीं किल्ली फिरवावी, तों नुसता ‘टक्’ असा आवाज व्हावा; रात्रीं दिवे पिवळे पडावे; कधीं चालतां चालतां सगळेंच अंधारांत जावें. मिस्त्रीकडे न्यावी तर तो म्हणतो, “बॅटरी गेली.” नवी बॅटरी घालावी, तर महिन्याभरांत पुनः तेंच. मग तो म्हणतो, “डायनॅमो गेला.” डायनॅमो बदलावा, तर आणखी महिन्यानें स्टार्टर जातो! अशा रीतीनें घरांतील पैका जात राहतो. पण गाडीची वीज नेमकी कोठें जाते, तें मात्र कोणासच कळत नाहीं.

आजचा लेख ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या रीतीविषयीं आहे. उत्तर प्रत्येक गाडीचें निराळें निघेल. रीत मात्र एकच आहे. ती शिकण्यास यंत्रशाळेंत नांव घालावें लागत नाहीं. कांहीं शें रुपयांस मिळणारा एक साधा मीटर, दोन पाने, एक पॉलिश-कागदाचा तुकडा आणि क्रमानें विचार करण्याची संवय, एवढ्या सामग्रीवर घरांतील कोणीही सुजाण स्त्री-पुरुष हें काम करूं शकेल. अलीकडच्या गाड्यांतून जागोजाग लहान संगणक बसविलेले असतात. त्यांची परीक्षा करण्यास निराळीं साधनें लागतात, म्हणून त्या गाड्या आज बाजूस ठेवूं. प्रीमियर पद्मिनी, ॲम्बॅसडर, जुनी मारुति ८०० अशा साध्या घडणीच्या गाड्यांपुरतें आपण बोलूं. ॲम्बॅसडर २०१४ सालीं बंद झाली. पद्मिनी तर त्याच्याही बरीच आधीं, आणि मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत कायमच्या निवृत्त झाल्या. परंतु घरोघरच्या आवारांत ह्या गाड्या अजून उभ्या आहेत, आणि त्यांचे रोग बहुधा औषधसाध्य आहेत.

वीज गेली तशी परत आली पाहिजे

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की करावी. नळाचें पाणी तोटींतून पडतें आणि मोरींतून निघून जातें. तें टाकींत परत जावें लागत नाहीं. विजेचें तसें नाहीं. बॅटरीच्या एका टोंकांतून निघालेला प्रवाह दिव्यांतून किंवा स्टार्टरांतून जाऊन बॅटरीच्या दुसऱ्या टोंकास पोंचला, तरच तो वाहतो. वर्तुळ कोठेंही तुटलें कीं सगळेंच थांबतें.

घरांतील दिव्यास दोन तारा असतात, हें आपण पाहतों. मोटारींत मात्र बहुतेक दिव्यांस एकच तार गेलेली दिसते. ह्याचें कारण असें कीं, गाडीचा सांगाडा पोलादी असल्यामुळें परतीच्या दुसऱ्या तारेचें काम त्याच्याकडूनच करून घेतात. बॅटरीचें एक टोंक, आपल्या इकडील बहुतेक गाड्यांत ऋण टोंक, जाड तारेनें सांगाड्यास जोडलेलें असतें. इंजिन रबरी बैठकींवर बसविलेलें असल्यामुळें त्याचा सांगाड्याशीं विजेचा संबंध आपोआप येत नाहीं. म्हणून इंजिन व सांगाडा ह्यांच्यामध्यें विणलेल्या तांब्याची एक पट्टी वेगळी जोडतात. ह्या सर्व परतीच्या वाटेला मिस्त्री लोक ‘अर्थ’ म्हणतात. हा शब्द इंग्रजींतला आहे. पुरुषार्थांतील अर्थाशीं त्याचें नातें नाहीं. तथापि मोटारीचा हा ‘अर्थ’ बिघडला म्हणजे घरचा अर्थही लवकरच आटूं लागतो, असा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. तारेंत किंवा तारेच्या सांध्यांत प्रवाहाला जो अडथळा होतो त्याला रोध म्हणतात. प्रवाह व रोध ह्यांचा गुणाकार केला म्हणजे तेथें किती विद्युद्दाब वायां गेला तें निघतें. हा नियम १८२७ सालीं जॉर्ज सायमन ओम ह्या जर्मन विद्वानानें ग्रंथरूपानें मांडला. ओमसाहेब पूर्वीं कोलोन येथील शाळेंत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवीत असत. एका शाळामास्तराच्या नांवानें आज साऱ्या जगांत रोध मोजला जातो, ह्याचा आमच्यासारख्या जुन्या मास्तरास थोडा अभिमान वाटला तर वाचकांनीं क्षमा करावी.

आतां उदाहरण घेऊं. बॅटरीच्या एखाद्या सांध्यावर गंज चढला, आणि तेथें एका ओमचा केवळ विसावा भाग, म्हणजे ०.०५ ओम, इतका रोध उत्पन्न झाला असें समजा. गाडींतील लहान दिवा सुमारें ०.४ अँपिअर प्रवाह घेतो. गुणाकार केला तर ०.०२ व्होल्ट वायां जातात. म्हणजे कांहींच नाहीं. दिवा स्वच्छ लागतो. परंतु स्टार्टरची भूक मोठी. त्याला इंजिन फिरविण्यास दीडशें अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. पूर्वीं हें काम मनुष्य लोखंडी दांडा घालून दंडाच्या बळानें करी. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीस चार्ल्स केटरिंग ह्याचा विद्युत् स्टार्टर लागला, तेव्हांपासून तें बॅटरीच्या गळ्यांत पडलें. दीडशें अँपिअर त्या गंजलेल्या सांध्यांतून वाहूं पाहतील, तर बारांपैकीं साडेसात व्होल्ट सांध्यांतच खर्ची पडतील. अर्थात् तितका प्रवाह मग वाहूंच शकत नाहीं, आणि स्टार्टर ‘टक्’ करून बसतो.

यावरून एक सार्वत्रिक समजूत किती चुकीची आहे तें दिसेल. “आंतला दिवा लागतो, हॉर्न वाजतो; म्हणजे तारा ठीक आहेत,” असें आपण सर्रास म्हणतों. न्यायशास्त्रांत अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात; कारण तारा ठीक असतांही दिवा लागतो, आणि नसतांही लागतो. जो हेतु दोन्ही घरीं जेवतो, त्याच्या साक्षीवर निर्णय करूं नये.

कऱ्हाडची पद्मिनी

हा विचार नुसता पोथींतला वाटूं नये म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों. माझा एक जुना विद्यार्थी कऱ्हाडास राहतो. तीन पिढ्यांचें एकत्र कुटुंब, आणि घरीं वडिलांच्या वेळची पद्मिनी. नातवाच्या मुंजीनिमित्त गाडी नवी दिसावी म्हणून त्यानें इंजिन उतरवून आंतबाहेर रंग देवविला. मुंज थाटानें झाली. पण त्यानंतर पंधरा दिवसांत गाडी सकाळीं चालू होईना. मिस्त्रीनें नवी बॅटरी घातली. आठ दिवस ठीक गेले, आणि पुनः तोच प्रकार. दुसरी बॅटरी आली, मग अल्टर्नेटर बदलला. तीन महिन्यांत बरीच रक्कम ह्या एका दुखण्यापायीं गेली.

खर्चापेक्षांही वाईट गोष्ट पुढें घडली. एका संध्याकाळीं सर्व मंडळी चिपळुणास निघालीं होतीं. गाडींत ऐंशी वर्षांच्या आजी आणि दोन लहान मुलें. कुंभार्ली घाट उतरतांना अंधार पडला, दिवे लावले, आणि थोड्याच वेळांत ते काजव्यासारखे झाले. इंजिन ठसकूं लागलें, आणि एका वळणावर गाडी अंधारांत उभी राहिली. मागून मालमोटारी येत होत्या, आणि गाडीचा मागचा तांबडा दिवाही धड दिसत नव्हता. एका मालमोटारीच्या चालकानें वेळीं ओळखून आपली गाडी मागें आडवी लावली, दगड मांडले, म्हणून निभावलें. यंत्रांतील लहानसा दोष केवढ्या अनर्थापर्यंत जाऊं शकतो, हें त्या रात्रीं त्या घराला कळलें.

पुढें मी कांहीं कामानिमित्त तेथें गेलों असतां हा विषय निघाला. मी विचारलें, “गाडी चालवितांना कोणास कांहीं नवें दिसलें, ऐकूं आलें, वास आला?” पुरुषमंडळी बॅटरीच्या कंपन्यांविषयीं बोलूं लागली. तेव्हां दाराशीं उभी असलेली धाकटी सून म्हणाली, “सर, स्टार्टर मारतांना चोकचा खुंटा गरम लागतो. एकदां तर बोट भाजलें.” तिचे सासरे हंसून म्हणाले, “अगं, चोकचा आणि विजेचा काय संबंध? तूं राहूं दे.” ती मुलगी हेंच दोन महिन्यांपासून सांगत होती, आणि दोन महिन्यांपासून तिला हेंच उत्तर मिळत होतें.

वास्तविक सारें कोडें त्या एका वाक्यांत सुटलें होतें. चोकची तार म्हणजे इंजिनापासून चालकाच्या हातापर्यंत आलेली एक बारीक लोखंडी तार. ती तापते, म्हणजे तिच्यांतून मोठा प्रवाह वाहत आहे. तिच्यांतून प्रवाह कां वाहावा? इंजिनाकडून सांगाड्याकडे परतण्याची जी राजरोस वाट, ती बंद असली पाहिजे म्हणून. महामार्ग बंद झाला कीं गाड्या जशा शेतांतल्या पाऊलवाटेनें घुसतात, तशी वीज त्या तारेंतून घुसत होती. धूर पाहून अग्नि ओळखावा, इतकें हें सरळ अनुमान होतें.

खाली वाकून पाहिलें. इंजिन व सांगाडा ह्यांना जोडणारी पट्टी जागच्या जागीं होती, बोल्टही घट्ट होता. परंतु पट्टीच्या खालीं नवा, चकचकीत, सुरेख रंग होता! रंगाऱ्यानें सर्वत्र सारखा हात फिरविला, आणि नंतर त्या रंगावरच पट्टी आवळली. रंग हा विजेला अडविणारा पदार्थ. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोंकास व दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडास लावून स्टार्टर मारला, तर चार व्होल्टांहून अधिक दाब तेथेंच वायां जात होता. बोल्ट काढून खालचा रंग खरवडून धातु उघडी केली, पट्टी स्वच्छ करून पुनः आवळली. मग तोच आंकडा अर्ध्याच्याही पुष्कळ खालीं आला, आणि गाडी एका हांकेसरशीं चालू झाली. खर्च पॉलिश-कागदाच्या एका तुकड्याचा.

नव्या बॅटरीनें आठ दिवस बरें कां वाटत होतें, हेंही आतां उलगडेल. नवी बॅटरी भरलेली येते. अल्टर्नेटरनें केलेल्या विजेलाही परतीची वाट लागतेच. ती नसल्यामुळें बॅटरी पुरती भरत नव्हती, नुसती सांचलेली पुंजी खर्च होत होती. पुंजी संपली कीं रोग पुनः उघडा पडे. औषधानें गुण आल्यासारखा वाटतो तेव्हां तो औषधाचा कीं नुसत्या नव्या अन्नाचा, हा विचार वैद्यानें केला पाहिजे.

या हकीकतींत मिस्त्रीला लुच्चा म्हणण्याचें कारण नाहीं. तो समोर दिसणाऱ्या वस्तूस दोष देत होता. बॅटरी दिसते, दिवा दिसतो. परतीची वाट कोणी पाहत नाहीं. परंतु मला अधिक विचार करण्याजोगी वाटते ती दुसरी गोष्ट. प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण. ज्या व्यक्तीनें स्वतःच्या बोटानें उष्णता अनुभवली, तिचें म्हणणें घरानें बाजूस सारलें, आणि ज्यानें कांहींच मोजलें नव्हतें त्याचा शब्द आप्तवाक्य म्हणून मानला. त्या घरच्या लोकांचें तिच्यावर प्रेम नव्हतें असें नाहीं. केवळ, गाडीविषयीं सुनेनें बोलावें आणि आपण ऐकावें, ही संवय नव्हती. त्या संवयीच्या अभावाची किंमत कुंभार्ली घाटांत द्यावी लागत होती.

शोधाचा क्रम

आतां आपल्या गाडीची परीक्षा कशी करावी तें सांगतों. पायऱ्या ओलांडून उडी मारूं नये.

पहिली पायरी इतिहासाची. बिघाड सुरू होण्यापूर्वीं गाडीवर शेवटचें काम कोणतें झालें, हें विचारावें. रंग, नवा रेडिओ, नवा हॉर्न, इंजिनाची उतरणी, उंदरांचा सुळसुळाट, किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत चार महिने उघड्यावर उभें राहणें. यांपैकीं कांहीं निघालें तर शोधाची दिशा मिळते. आणि गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास विचारावें.

दुसरी पायरी बॅटरीची. शिसें आणि गंधकाचें तेजाब यांची ही योजना १८५९ सालीं गास्तों प्लांते ह्या फ्रेंच गृहस्थानें केली. आपल्या मोटारींतील बॅटरी त्याच वंशांतली आहे. तींत सहा घरें असून प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक असतो. गाडी रात्रभर विश्रांत ठेवून सकाळीं मीटर लावावा. सुमारें १२.६ व्होल्ट भरले तर बॅटरी पूर्ण, १२.२ म्हणजे जवळजवळ अर्धी, ११.९ च्या खालीं गेली तर रिकामी. रिकामी बॅटरी आधीं बाहेर भरून घ्यावी, मगच पुढील परीक्षा करावी. भुकेल्या मुलाची परीक्षा घेऊन त्याला मंद ठरवूं नये.

टोंकांवर पांढरी-हिरवी बुकी सांचली असेल, तर खाण्याचा सोडा कालवलेल्या कोमट पाण्यानें धुवावी. तें पाणी झांकणांतून आंत जाऊं देऊं नये. मग टोंकें व चिमटे कोरडे करून घांसावे, घट्ट बसवावे आणि वरून थोडें व्हॅसलीन लावावें. घरांतील पाणी कमी झालें असेल तर शुद्ध केलेलें पाणीच घालावें. नळाचें किंवा विहिरीचें चालत नाहीं.

येथें सावधगिरीचे चार शब्द सांगितलेच पाहिजेत. भरली जात असतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो. तो पेट घेतो, म्हणून जवळ विडी, उदबत्ती, निरांजन कांहीं नसावें. हातांतील अंगठी, धातूच्या बांगड्या, घड्याळ काढून ठेवावें, आणि गळ्यांतील मंगळसूत्र वा सांखळी पदराआड नीट खोंचावी. तापलेली सांखळी क्षणांत कातडी जाळते. तारा सोडतांना सांगाड्याला जोडलेली तार प्रथम सोडावी व जोडतांना ती शेवटीं जोडावी, म्हणजे पाना चुकून लोखंडास लागला तरी ठिणगी उडत नाहीं. १९६० च्या दशकापूर्वींच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत धन टोंक सांगाड्यास जोडीत असत. तेव्हां गाडी फार जुनी असेल तर आधीं चिन्हें पाहून खात्री करावी.

तिसरी पायरी वाटांची, आणि हीच मुख्य. गाडी न्यूट्रलमध्यें, हातब्रेक ओढलेला. इंजिन चालू होऊं नये म्हणून कॉइलची बारीक तार काढून ठेवावी. एकानें स्टार्टर मारावा, दुसऱ्यानें मीटर पाहावा. प्रथम बॅटरीच्या दोन टोंकांवर : स्टार्टर फिरत असतां दाब साडेनऊ व्होल्टांच्या फार खालीं जाऊं नये. गेला तर बॅटरी निर्बळ आहे, किंवा स्टार्टर जखडून वाजवीपेक्षां अधिक ओढीत आहे. दाब चांगला राहतो, तरी स्टार्टर रेंगाळतो, तर दोष वाटेंत आहे. मग ऋण टोंक व इंजिनाचें उघडें लोखंड यांमध्यें मीटर लावून परतीची वाट मोजावी, आणि धन टोंक व स्टार्टरचा जाड स्क्रू यांमध्यें लावून जाण्याची वाट मोजावी. प्रत्येक वाटेवर अर्ध्या व्होल्टाहून अधिक नुकसान दिसलें, तर एकेक सांधा वेगळा मोजीत जावा. जेथें आंकडा उडी मारतो, तेथें चोर आहे. पुढचा एक दिवा मंद व दुसरा तेजस्वी असेल, तर हीच रीत मंद दिव्याच्या परतीच्या तारेस लावावी. शंभरांत बहुतेक वेळां तेथील स्क्रूखालीं गंज सांपडतो.

चौथी पायरी आवकेची. इंजिन चालू करून मध्यम वेगानें फिरूं द्यावें व बॅटरीवर मीटर लावावा. अल्टर्नेटरच्या गाडींत १३.८ ते १४.४ च्या आसपास आंकडा यावा. तो साडेबारांवरच राहिला तर भरणा होत नाहीं. पंधराच्या वर गेला तर भरणा अति होऊन बॅटरीचें पाणी आटतें. यंत्राला दोष देण्यापूर्वीं पट्टा सैल आहे का तें अंगठ्यानें दाबून पाहावें. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, भरण्याचा तांबडा दिवा लागला पाहिजे. पुष्कळ अल्टर्नेटरांस पहिली चेतना त्या दिव्याच्या वाटेनेंच मिळते. तो एवढासा दिवा जळला तर मोठें यंत्र निजून राहतें. अधिक जुन्या गाड्यांत डायनॅमो असतो. तो इंजिन मंद असतां पुरेशी वीज करीत नाहीं, म्हणून उभ्या गाडींत तांबडा दिवा मिणमिणला तर तो रोग समजूं नये. आणि एक प्रघात कटाक्षानें टाळावा. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची जी रस्त्यावरील परीक्षा आहे, तिनें धडधाकट अल्टर्नेटरही मरतो.

पांचवी पायरी गळतीची. गाडी चांगली चालते, पण चार दिवस उभी राहिली कीं बॅटरी रिकामी होते, अशी तक्रार असेल तर ही परीक्षा करावी. सर्व बंद करून, दारें लावून, ऋण तार सोडावी. ती तार व टोंक यांच्यामध्यें मीटर प्रवाह मोजण्याच्या खुणेवर ठेवून जोडावा. ह्या स्थितींत किल्ली मुळींच फिरवूं नये, मीटर जळेल. जुन्या साध्या गाडींत हा आंकडा शून्याजवळ असावा. घड्याळ किंवा रेडिओ असेल तर अँपिअरचे दोन-चार शतांश चालतील. अर्धा अँपिअर दिसला तर चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी ऐंशी तासांत, म्हणजे सव्वातीन दिवसांत, संपेल. सामानाच्या डिकींतील दिवा झांकण लावल्यावरही जळत राहिला तर एवढें नुकसान सहज होतें. आतां एकेक फ्यूज काढीत जावें. अमुक फ्यूज असतां गळती आहे, आणि तोच काढतांच गळती नाहीं. ह्या अन्वय-व्यतिरेकानें दोषी शाखा सिद्ध होते. कोणताच फ्यूज काढून फरक पडला नाहीं, तर अल्टर्नेटरची तार सोडून पाहावी. त्याच्या आंतील झडप बिघडली म्हणजे वीज उलट्या वाटेनें झिरपते.

सहावी पायरी फ्यूजांची. जुन्या फियाट घराण्यांतील गाड्यांत फ्यूज म्हणजे एका कांडीवर बसविलेली धातूची उघडी पट्टी असते, आणि ती दोन स्प्रिंगांच्या मध्यें धरलेली असते. पट्टी अखंड असूनही तिच्या टोंकांवर मळ चढतो, व वीज कधीं जाते कधीं येते. कांडी काढून टोंकें घांसावीं. फ्यूज जळला तर त्याच आंकड्याचा नवा घालावा. तेथें जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी घालणें म्हणजे घराच्या राखणदाराचे हातपाय बांधून चोरास वाट देणें होय. पुढच्या वेळीं फ्यूजऐवजीं गाडी जळते.

रस्त्यांत प्रसंग आला तर

चालत्या गाडींत दिवे मंद होऊं लागले, कीं प्रथम पंखा, रेडिओ व अनावश्यक दिवे बंद करावे. वांचलेल्या विजेवर सुरक्षित जागेपर्यंत पोंचतां येतें. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाजूस घ्यावी, मुलांना व वृद्धांना रस्त्यापासून दूरच्या बाजूनें उतरवावें, चाकांमागें दगड लावावे, आणि परावर्तक त्रिकोण बऱ्याच अंतरावर मागें ठेवावा. हा त्रिकोण व एक हातांतली विजेरी गाडींत नेहमीं असावी.

दुसऱ्या गाडीची वीज उसनी घ्यावयाची तर धनाला धन आधीं जोडावें. मग चांगल्या बॅटरीच्या ऋणाची तार आपल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर, लावावी, म्हणजे शेवटची ठिणगी वायूपाशीं पडत नाहीं. ढकलून गाडी चालू करण्याचा उपाय बॅटरींत थोडी तरी धुगधुगी असेल तरच फळतो. ती पूर्ण निवाली असेल तर दहा माणसांचा दम वायां जातो.

शेवटीं एक लहानशी सूचना. गाडींत एक वही ठेवावी. विश्रांत बॅटरीचा दाब, चालू इंजिनावरचा दाब, आणि स्टार्टर फिरतांना परतीच्या वाटेवरील नुकसान, हे तीन आंकडे दर तीन महिन्यांनीं तारखेसह लिहावे. मीटर धरण्याचें काम घरांतील मुलामुलींस, लेकीसुनांस पाळीपाळीनें द्यावें, आणि ज्यानें जें पाहिलें तें त्याच्या शब्दांत वहींत उतरूं द्यावें. खुंटा गरम लागला, हेंही. मग मिस्त्रीकडे जातांना “बॅटरी गेली का हो?” असें विचारीत जाण्याची वेळ येणार नाहीं. वही त्याच्यापुढें ठेवावी. चांगला कारागीर असेल तर तोही ती पाहून संतोष पावेल, आणि निम्मे काम आधींच झालेलें असेल.